टक्समॅथ: स्कॉलरशिपच्या वर्षात आमच्या घरात घुसलेला पेंग्विन

आधीच सांगते, हा रिव्ह्यू एका फुकटातल्या आणि दिसायला एकदम जुनाट गणिताच्या गेमचा आहे, आणि मी तो लिहायला बसलेय कारण त्याआधी एका चकचकीत ॲपवर जवळजवळ तीन हजार रुपये घालवून झालेत. स्कॉलरशिपला बसणाऱ्या पोरांच्या आया हे वाचत असतील तर निदान तुमचे पैसे तरी वाचतील.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्या वेळची पाचवीची शिष्यवृत्ती परीक्षा (2025-26 नंतर ती पाचवीऐवजी चौथीला गेली) म्हणजे दोन पेपर, एकूण 300 मार्क. पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे 25 आणि गणिताचे 50 प्रश्न, दुसऱ्यात तृतीय भाषेचे 25 आणि बुद्धिमत्ता चाचणीचे 50. म्हणजे एका पेपरला 75 प्रश्न आणि वेळ दीड तास. भागाकार करून बघा, एका प्रश्नाला 72 सेकंद येतात, आणि त्यातच प्रश्न वाचायचा, चार पर्याय बघायचे, कच्चं काम करायचं आणि गोल रंगवायचा. दहा वर्षाच्या पोरीला. मला स्वतःला बसवलं असतं तर मी अर्ध्यातच पाणी प्यायला उठले असते.

आमच्या चिऊचा प्रॉब्लेम गणित येत नाही हा नव्हताच. येतं, पण निवांत येतं. घरी सराव पेपर सोडवताना गणिताचे शेवटचे बारा-चौदा प्रश्न रोज कोरे राहायचे. कुठे वेळ जातो म्हणून एकदा शेजारी बसून नीट बघितलं. सात गुणिले आठ आलं की बाईसाहेब डोळे मिटून "सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस" असा पहिल्या पायरीपासून जिना चढायला लागायच्या. आठव्या पायरीवर पोचेपर्यंत पंधरा सेकंद गेलेले असायचे, आणि त्यात मध्येच कुणी हाक मारली की परत एकपासून.

ती सेमी-इंग्लिशला आहे त्यामुळे अजून एक खिचडी. शाळेत टेबल्स इंग्लिशमधून आणि घरी सासऱ्यांकडून, म्हणजे आमच्या अण्णांकडून, मराठीतून पाढे. अण्णांना अजून पावकी, निमकी, पाऊणकी, दीडकी सगळं तोंडपाठ आहे आणि टेबल्स हा शब्द ऐकला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडते.

तर पहिली चूक मी केली ती त्या ॲपची. नाव देत नाही. फोनवर जाहिरात यायची की रोज पंधरा मिनिटं खेळा, मुलांची एकाग्रता वाढते, मेमरी वाढते, परीक्षेत मार्क वाढतात. वर्षाचं सब्स्क्रिप्शन घेतलं. त्यात रंगीत चौकोन क्षणभर चमकतात ते कुठे होते ते ओळखायचं, पक्षी उडाला की टॅप करायचं, असले प्रकार. चिऊ दोन महिन्यात त्यात इतकी तरबेज झाली की तिचा 'ब्रेन स्कोअर' आमच्या सगळ्यांच्या वर गेला, घरात पेढे वाटायचेच बाकी होते. सराव पेपरात कोरे प्रश्न मात्र तेवढेच. बारा-चौदा. पुढच्या वर्षीचे पैसे आपोआप कापले गेले ते वेगळंच, मेसेज आला तेव्हा कळलं, आणि ते परत मिळवायला मला सहा मेल करावे लागले.

नंतर रात्री जागून वाचत बसले तेव्हा लक्षात आलं की यात काही नवीन नाही. इंग्लंडमध्ये बीबीसीने लोकांना सोबत घेऊन मोठा प्रयोगच केला होता, 11,430 जणांनी सहा आठवडे असले मेंदूचे गेम खेळले, त्याचा रिपोर्ट 2010 मध्ये नेचर या विज्ञानाच्या मासिकात छापून आला. लोक जे गेम खेळले त्यात सुधारले, पण वेगळ्या चाचण्या दिल्या तर त्यात त्याचा फायदा काही दिसला नाही. आणि अमेरिकेत 2016 मध्ये लुमोसिटी नावाच्या ब्रेन ट्रेनिंगवाल्या कंपनीला तिथल्या सरकारी फेडरल ट्रेड कमिशनने पकडलं, शाळेत आणि कामावर फायदा होतो असले दावे पुराव्याशिवाय केले म्हणून, आणि त्यांना 20 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं. (माझं ॲप ते नव्हतं, पण भाषा अगदी तीच होती.) चौकोन ओळखायचा सराव केला की चौकोन ओळखता येतात, एवढंच. हे मला आधी सुचायला हवं होतं, रोज गाडी धुऊन कुणी ड्रायव्हर होत नाही हे आपल्याला कळतंच की.

तर टक्समॅथ. नणंदेचा मुलगा इंजिनियरिंगला आहे, दिवाळीत आला होता. आमचा जुना लॅपटॉप विंडोज उघडायलाच दहा मिनिटं घ्यायचा, त्याने त्यावर विंडोजऐवजी उबंटू नावाचं फुकटातलं लिनक्स टाकून दिलं आणि जाता जाता हा गेम पण टाकून गेला. मला म्हणाला, "मामी, दिसायला भंगार आहे, पण पाढ्यांसाठी याच्यासारखं काही नाही." पूर्ण नाव टक्स ऑफ मॅथ कमांड, टक्स म्हणजे लिनक्सचा तो पेंग्विन. मुलांचा तो चित्र काढायचा टक्स पेंट आहे ना, तो बनवणाऱ्या बिल केंड्रिकनेच हा सुरू केलेला. ओपन सोर्स, फुकट, जाहिरात नाही, लॉगिन नाही, ईमेल मागत नाही, नेट लागत नाही. शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त आवडला, कारण नेट बंद करून लॅपटॉप तिच्या हातात देता येतो.

खेळ असा की आकाशातून उल्का पडत असतात, प्रत्येकीवर एक गणित लिहिलेलं, खाली पेंग्विनांची बर्फाची घरं. उत्तर टाईप करून एंटर मारलं की उल्का फुटते. नाही मारलं तर ती घरावर येऊन पडते. झालं, एवढाच खेळ. सोप्या बेरजेपासून सुरू होतो, मग वजाबाकी, मग एकेक पाढा, मग भागाकार, मग ऋण संख्यासुद्धा. यात पर्याय नसतात, उत्तर स्वतःच्या डोक्यातूनच काढावं लागतं. आणि मागून पण विचारतो, म्हणजे प्रश्नचिन्ह गुणिले 7 बरोबर 56 असं. पाढा नुसता गाण्यासारखा पाठ असेल तर इथे बोंब होते.

पहिल्या दिवशी काय झालं ते सांगते. उल्का आली, 7 गुणिले 7. चिऊ पुटपुटली, "साती साती एकोणपन्नास", अगदी बरोबर, आणि टाईप केलं 59. काहीच फुटलं नाही. परत 59. उल्का येऊन आदळली, घर वितळलं आणि ही माझ्याकडे वळून म्हणते, "आई, हा गेम चुकीचा आहे." कानाला एकोणपन्नास ऐकू येतं, त्यातलं पन्नास ठळक ऐकू येतं आणि बोट 5 वर जातं. एकोणतीस, एकोणचाळीस, सगळीकडे हेच. वहीत लिहिताना ती थांबून विचार करून लिहायची म्हणून आम्हाला कधी दिसलंच नव्हतं, घाईत मात्र लगेच उघडं पडलं. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात तेवीसला वीस तीन म्हणायचं आलं तेव्हा केवढा दंगा झाला होता आठवतंय का, अण्णा पण पेपर आपटून "मराठी बुडवली" म्हणत होते. मी पण त्यांच्याच बाजूने होते. त्या दिवशी मात्र तिचं ते 59 बघून मनात आलं की ज्यांनी तो बदल केला त्यांनी अशी बरीच पोरं बघितली असणार. (अण्णांना हे बोलले नाही, घरात शांतता हवी.)

यावर आम्ही जे केलं ते असं, एकोणवाल्या सगळ्या संख्या एका कागदावर लिहून स्क्रीनच्या बाजूला चिकटवल्या, 19, 29, 39, 49 आणि समोर अक्षरात. पाच-सहा दिवसात कागदाकडे बघणं बंद झालं.

दुसरी गोष्ट, जी मला यात सगळ्यात मोलाची वाटते. उल्का ओळीने येत नाहीत. सात चोक, मग तीन नव्वे, मग आठ सक, कुठूनही कुठेही. त्यामुळे जिना चढायला वेळच मिळत नाही. पहिले दहा दिवस ती हरतच होती, चिडायची, एकदा माउस फेकला. मी लेव्हल खाली आणली, एकच पाढा, फक्त सहाचा, तो हातात बसला की सातचा. तीन आठवड्यांनी मी स्वयंपाकघरातून बघत होते तर तिचे ओठ हलत नव्हते. आधी सारखे पुटपुटायचे, आता नुसती बोटं चालत होती. मला तो क्षण नीट आठवतो कारण कुकरची तिसरी शिट्टी झाली ते माझ्या लक्षातच आलं नाही आणि भाताचा गाळ झाला.

सेटिंगमध्ये अजून एक सोय आहे, चुकलेलं गणित त्याच खेळात परत येतं. आठ सत्ते चुकवून सुटका नाही, तो दोन मिनिटांनी पुन्हा वरून येतोच. आपण घरी काय करतो, जे येतं तेच परत परत घोकतो कारण ते बरं वाटतं. इथे जे येत नाही ते जास्त वेळा समोर येतं आणि दर वेळी आठवून काढावं लागतं.

आता तोटे, कारण नुसतं कौतुक केलं तर तुम्ही म्हणाल हिला कमिशन मिळतं. दिसायला खरंच जुनं आहे, मोबाईलवरचे गेम बघितलेल्या पोराला पहिल्यांदा बघून हसू येतं. शाब्दिक उदाहरणं अजिबात नाहीत. 'रमेशने 12 डझन आंबे आणले त्यातले एक चतुर्थांश नासले' हे या गेमच्या हद्दीबाहेरचं आहे आणि पेपरात अशी गणितं भरपूर असतात. यात गेममुळे चिऊची काहीच प्रगती झाली नाही, त्यासाठी वही-पेन्सिल आणि तिचे बाबा हेच लागले. आणि ज्या लॅपटॉपला उजवीकडे वेगळी नंबरांची पाटी नसते त्यावर वरच्या ओळीतले आकडे शोधण्यात मुलांचा जीव जातो. आम्ही शेवटी यूएसबीचा सुटा नंबर पॅड आणला, साडेतीनशेला मिळाला. तो आणल्यावर स्कोअर एकदम वाढला, म्हणजे आधी आम्ही गणित तपासत होतो की टायपिंग, देव जाणे.

आणि एक तोटा असा की जो मला आधी कळलाच नाही. या गेममध्ये कुठली उल्का आधी मारायची ते आपण ठरवतो. चिऊ हुशार, तिने लगेच ओळखलं की सोप्या आधी उडवायच्या आणि अवघड खाली येईपर्यंत त्यावर विचार करायचा. पेपरसाठी उत्तम सवय, मी खूश. मग डिसेंबरमध्ये ती जिथे जाते त्या क्लासमध्ये सराव परीक्षा झाली, ओएमआर शीटवर, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर. तिने 31 नंबरचा प्रश्न अवघड म्हणून सोडला, 32 वर गेली आणि त्याचं उत्तर रंगवलं 31 च्या गोलात. तिथून पुढचे वीस प्रश्न एक घर वर सरकले. निळं बॉलपेन, खोडता येत नाही. पेपर बरोबर, उत्तरं बरोबर, मार्क गेले पाण्यात. घरी येऊन पोटावर पडून रडली. क्लासवाल्यांनी वर फोन करून "मुलीचं लक्ष नसतं" म्हणून मला ऐकवलं, त्यांनी एकदा तरी पोरांना कोऱ्या शीटवर गोल भरायचा सराव दिला होता का, तर नाही. मग आम्हीच कोऱ्या शीटच्या झेरॉक्स काढल्या आणि नियम केला, डावं बोट प्रश्नाच्या नंबरावर, पेन शीटवरच्या नंबरावर, नंबर मनात म्हणायचा आणि मगच रंगवायचं. हे कुठलाही गेम शिकवत नाही. कागदावरची परीक्षा असेल तर कागदाचा सराव कागदावरच करावा लागतो, हे तुमच्या मुलाच्या क्लासवाल्यांनी सांगितलं नसेल तर मी सांगते.

याच गेममध्ये फॅक्टरॉइड्स नावाचा दुसरा खेळ आहे, अंतराळात खडक फिरतात, त्यावर संख्या, तिला कुठल्या मूळ संख्येने भाग जातो ते ओळखून ती निवडून गोळी मारायची. आमच्याकडे तो कमी चालला कारण यान फिरवण्यातच तिची धांदल उडायची. पण मूळ संख्या आणि विभाजक पक्के करायला वाईट नाही, मुलगा व्हिडिओ गेम खेळणारा असेल तर त्याला हाच जास्त आवडेल.

बुद्धिमत्ता चाचणीसाठी मात्र टक्समॅथ कामाचा नाही, तिथे आम्हाला जीकॉम्प्रीचा उपयोग झाला. हे पण फुकट, केडीई नावाच्या फुकट सॉफ्टवेअर बनवणाऱ्या गटाचं, दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी, शंभराहून जास्त छोटे खेळ आहेत. बरेचसे फारच बाळबोध, चिऊने पहिल्या दिवशी बदक रंगवायचं बघून तोंड वाकडं केलं. पण त्यातच एक आहे, डावीकडे चौकोनांचं चित्र असतं आणि उजवीकडे तेच आरशात दिसेल तसं काढायचं. बुद्धिमत्तेच्या पेपरात आरशातील प्रतिमा नावाचा धडा असतो, अगदी तोच. पर्यायांमधून ओळखताना ती अंदाजाने ठोकायची, स्वतः एकेक चौकोन उलट्या बाजूला भरायला लागल्यावर डावं उजवीकडे जातं पण वरचं वरच राहतं हे तिच्या हाताला कळलं. पाण्यातील प्रतिबिंब मग आम्ही ताटात पाणी घालून केलं, त्याला कॉम्प्युटर कशाला. घड्याळ आणि कॅलेंडरचे खेळ पण त्यात आहेत, ते ठीक.

भाषेच्या पेपरातले समानार्थी शब्द आणि वाक्प्रचार यांच्यासाठी माझ्या फोनवर अँकी नावाचं पाठांतराच्या कार्डांचं ॲप टाकलं होतं. अँकीला गेम म्हणणं म्हणजे वरणभाताला पार्टी म्हणणं आहे, पण चालतं. कार्डाच्या पुढे 'कानाडोळा करणे', मागे अर्थ, आणि आलं की नाही ते आपणच सांगायचं, जे अवघड ते लवकर परत येतं, सोपं ते बऱ्याच दिवसांनी. कार्डं आपल्यालाच बनवावी लागतात, मी बसमध्ये बनवायचे. यात चिऊ बिनधास्त खोटं बोलायची, न येणाऱ्या कार्डालाही "आलं आलं" म्हणून पुढे जायची, त्यामुळे शेजारी बसावं लागतं.

वेळेचं विचाराल तर रोज वीस मिनिटं, जास्त नाही, शाळेतून आल्यावर खाणं झालं की. जास्त वेळ दिला की ती कंटाळून मुद्दाम पेंग्विनांची घरं पाडायला लागायची. रविवारी गेम बंद, त्या दिवशी घड्याळ लावून पूर्ण पेपर. जानेवारीअखेर कोरे राहणारे प्रश्न चार-पाचवर आले होते. सगळं श्रेय गेमचं नाही, पेपरही भरपूर सोडवले होते, पण गुणाकार-भागाकारात जो वेळ वाचला तो मी समोर बसून बघितलाय. फेब्रुवारीत परीक्षा झाली. गुणवत्ता यादीत वगैरे नाव आलं नाही, पात्र झाली, पहिल्या पेपरात शेवटचा प्रश्न सोडवून दोन मिनिटं उरली असं सांगत घरी आली. आम्हाला तेवढं पुरे.

स्टार द्यायचे तर पाढे आणि तोंडी हिशोबाच्या वेगासाठी टक्समॅथला पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो त्या दिसण्यासाठी. स्कॉलरशिपचा संपूर्ण अभ्यास म्हणून बघाल तर पाचपैकी दोन. जीकॉम्प्रीला तीन. आणि त्या तीन हजारवाल्याला मी ॲप स्टोअरवर जे लिहायचं ते लिहून आलेय.

परीक्षा झाल्यावर मला वाटलं लॅपटॉप आता कपाटात जाईल. पण हल्ली दुपारी अण्णा बसतात त्यावर. वय 74, एक बोट, चष्मा नाकावर. उल्का दिसायच्या आधी उत्तर तोंडात तयार असतं, पण नंबर पॅडवर 6 कुठे आणि 9 कुठे हे सापडेपर्यंत घर वितळलेलं असतं. परवा चिऊ त्यांना म्हणाली, "अण्णा, तुमचे पाढे कच्चे आहेत." तेव्हापासून ते तिच्याशी बोलत नाहीयेत, आणि संध्याकाळी कुणी बघत नाही असं वाटलं की गपचूप सहाच्या पाढ्याची लेव्हल लावून बसतात.